दारापुढचा शरद : झेंडू, भोपळा आणि पिठाचा कोंबडा



दशलक्षण पर्व आटोपते, क्षमावणी होते, पाऊस मागे सरतो आणि आपल्या सगळ्यांचे लक्ष घराच्या दाराकडे जाते. चार महिने चिखलाच्या चपलांनी आणि ओल्या छत्र्यांनी भरलेला ओटा एकदाचा मोकळा होतो. आमचा ओटा लहानच आहे, सहा फूट बाय चार फूट आणि पुढे दोन पायऱ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे तेवढाही नसतो, दार आणि लिफ्ट यांच्यामधली चार फरशांची जागा तेवढी असते. पण आश्विन लागला की जेवढी जागा असेल तेवढी सजवायचीच, हे आपल्या हाडात भिनलेले आहे.

यंदा यावरून आमच्या महिला मंडळात चर्चा रंगली. माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या दारापुढच्या छोट्या पोर्चचा फोटो मी मोबाईलवर दाखवला. पायरीवर तीन नारिंगी भोपळे, कठड्याला बांधलेली मक्याची वाळलेली ताटे, दोन कुंड्यांत शेवंती. एक वयाने मोठ्या भगिनी म्हणाल्या, “छान आहे ग, पण हे भोपळे-बिपळे आपले नव्हेत. आपले झेंडूचे तोरण ते आपले.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कॉमर्सची. एखादी रक्कम ‘आपली’ म्हणून लिहिलेली दिसली की ती कोणत्या तारखेला आणि कुठून जमा झाली, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आपल्या दारावरच्या वस्तूंच्या तारखा काढायला बसले.

पहिला धक्का झेंडूनेच दिला. दसऱ्याला ढिगाने विकला जाणारा, ज्याच्याशिवाय आपल्याला आता दाराची कल्पनाच करता येत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा आपल्याकडे आला १४९८ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. झेंडू आपल्याकडे आला तो यानंतरच. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही दाराला झेंडूचे तोरण नव्हते. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त शरद ऋतूवर एक अख्खा सर्ग आहे. त्यात काश गवताचे पांढरे तुरे आहेत, सातवीण आहे, कमळे आहेत, पारिजातक आहे. झेंडू नाही, कारण तो असणे शक्यच नव्हते. आपण आज शरद म्हटले की डोळ्यांपुढे केशरी-पिवळा रंग आणतो. जुन्या कवींचा शरद मात्र पांढरा होता. स्वच्छ चांदणे, पांढरे ढग, पांढरे गवत.

आणि मेक्सिकोत या झेंडूचे काय करतात, हे वाचून तर मी थक्क झाले. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मृत आप्तांची आठवण करतात. रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे गेलेल्या माणसांना त्या रंगाने आणि वासाने घर सापडावे. दिवस कोणते, तर आपल्या दिवाळीच्या आसपासचेच. समुद्रापलीकडची माणसे, त्यांचा आपला कधी संबंध नाही, आणि पाऊस संपल्यावर तेच फूल त्याच दारापुढे.

लाल भोपळ्याचीही गोष्ट हीच. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपण ज्याचे घारगे करतो, तो लाल भोपळा त्याच अमेरिकन घराण्यातला. आपला जुना म्हणायचा तो कोहळा. आणि दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांसाठी सांगते, मिरचीदेखील त्याच जहाजांतून आली! पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे दृष्ट कशी काढत असतील कोण जाणे. (जैनांनी लिंबू-मिरची टांगू नये, हा वेगळा विषय. तो पुन्हा कधीतरी.)

मुलीच्या कुंड्यांतली शेवंती मूळची चीनची. तिथे नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी शेवंतीचा सण असतो, म्हणजे तोही शरदातलाच. ती युरोपमार्गे अमेरिकेत गेली १७९८ मध्ये, आणि तीही न्यू जर्सीतल्याच होबोकेनला. आमच्या सोलापुरात शेवंतीची वेणी माळायला कुणाला चीनची आठवण होत नाही, तशीच ती तिथल्यांनाही होत नाही.

आता मक्याची ताटे. नवे धान्य आले की त्याची एक जुडी दाराला लावायची, ही गोष्ट परकी वाटावी असे त्यात काही नाही. कोकणात भाताच्या लोंब्या, आंब्याचे पान आणि कुरडूची फुले एकत्र गुंफून दाराला ‘नवे’ बांधतात. तिथे भात, अमेरिकेत मका. आमच्याकडे ज्वारी रब्बीची, दसऱ्याला ती जेमतेम पेरून होते, म्हणून सोलापूरच्या दारांना नव्या धान्याचे तोरण नाही. शेतात जे पिकते आणि ज्या महिन्यात पिकते, ते दारावर येते.

मग आपले असे काय उरले? आंब्याची पाने उरली, रांगोळी उरली, तोरण उरले आणि दिवा उरला. हे मात्र खरेच जुने आहे.

तोरणाबद्दल एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. मथुरेच्या कंकाली टीला या टेकाडातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जैन स्तूपाचे अवशेष निघाले. त्यात काही कोरीव शिलापट्ट आहेत, त्यांना आयागपट म्हणतात. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यातला एक लखनौच्या संग्रहालयात आहे. त्यावर स्तूपाच्या पुढचा भाग कोरला आहे. चढायला पायऱ्या, बाजूला कठडा आणि वर सुरेख तोरण. दान कोणी दिले, तेही त्यावर लिहिले आहे. शिवयशा नावाच्या बाईने, फल्गुयश नावाच्या नर्तकाच्या पत्नीने, अर्हंतांच्या पूजेसाठी तो करवून घेतला. राजाची राणी नाही, श्रेष्ठीची सून नाही, नर्तकाची बायको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका साध्या घरातल्या श्राविकेने पायऱ्या आणि तोरण यांचे चित्र दगडात ठेवले, आणि ते आजही आपल्याला दिसते.

रांगोळीचा इतिहास लिहिला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी. दिवाळीच्या इतिहासावरही त्यांनी असेच लिहिले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात चित्रांचे प्रकार सांगताना भुकटीने काढलेल्या चित्राला ‘धूलिचित्र’ म्हटले आहे. कल्याणी म्हणजे आताचे बसवकल्याण, सोलापूरहून काही फार लांब नाही.

रांगोळीच्या बाबतीत माझे एक मत आहे. तांदळाच्या पिठाची रांगोळी काढावी, म्हणजे मुंग्यांना खायला मिळते, असे पुष्कळ जणी सांगतात. भावना चांगलीच आहे. पण पायरीवर पीठ टाकून मुंग्यांना जिथे माणसांचे पाय पडतात तिथेच बोलवायचे, हे मला पटत नाही. मुंग्यांना घालायचे तर झाडाच्या बुंध्याशी घालावे. उंबऱ्यापाशी दगडाच्या भुकटीचीच रांगोळी बरी. अक्षतांचे स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन ठिपके आणि सिद्धशिलेची चंद्रकोर, हे मंदिरात पाटावर काढावे. तिथे ते कुणाच्या पायाखाली येत नाही.

फुलांचेही तसेच. तेरापंथी भगिनी पूजेत फुलांऐवजी केशरी तांदूळ वाहतात, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फुले चालतात. माझ्या सासूबाई बीसपंथीच, पण ओट्याच्या सजावटीसाठी त्या झाडावरचे फूल कधी तोडत नसत. पहाटे अंगणात पडलेला पारिजातक वेचायचा आणि पितळी ताटात पाणी घालून त्यावर सोडायचा. ऊन चढले की तो कोमेजायचा. “एवढ्यापुरताच असतो तो,” म्हणायच्या. आज मला वाटते, झेंडू येण्याआधीच्या दाराचा शरद तो त्यांच्या ताटात होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला घेतले, तिच्याकडे येते.

न्यू जर्सीच्या नातीने, ती नऊ वर्षांची आहे, मला फोनवर विचारले, “आजी, मी भोपळ्याला डोळे-तोंड कापू का? सगळे कापतात.” तिकडे ३१ ऑक्टोबरला भोपळा आतून पोखरतात, त्याला डोळे आणि दात कोरतात आणि आत दिवा ठेवतात. ही चाल आयर्लंडच्या लोकांनी नेलेली. तिकडे ते सलगम कोरत. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला, लाखो आयरिश माणसे अमेरिकेत गेली, आणि तिथे सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला मऊ भोपळा मिळाला. पोरगी विचारते त्यात तिचे काहीच चुकत नाही. पण मला चटकन हो म्हणता येईना, कारण आठवला पिठाचा कोंबडा.

आचार्य सोमदेवसूरींनी शक ८८१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये, ‘यशस्तिलक’ हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. तेव्हा राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा राज्य करत होता. या ग्रंथावर आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांनी इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले, आणि ते १९४९ मध्ये छापले गेले कुठे, तर आमच्या सोलापुरात, जीवराज जैन ग्रंथमालेत. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती यासाठी दिली होती. सोलापूर म्हटले की चादरी आणि शेंगाचटणी सगळ्यांना आठवते. हेही आठवावे.

‘यशस्तिलका’त दीपोत्सवाचे वर्णन आहे. चुन्याने पांढरी केलेली घरे आणि गच्च्यांवर लावलेल्या दिव्यांच्या ओळी. म्हणजे दिवाळीआधी भिंतींना सफेदी करायची आपली धांदल हजार वर्षांची झाली! आणि याच ग्रंथात राजा यशोधराची कथा आहे. तुमच्यापैकी बहुतेकींनी ती लहानपणी प्रवचनात ऐकली असेल. मराठीतही मेघराजाने ‘जसोधर रास’ रचला, म्हणजे आपल्या भाषेतही ही कथा जुनी आहे.

उज्जैनीच्या यशोधराला वाईट स्वप्न पडते. आई चंद्रमती म्हणते, देवीला पशुबळी दे, म्हणजे संकट टळेल. राजा नकार देतो. आई हट्ट धरते. शेवटी मधला मार्ग निघतो. पिठाचा कोंबडा करायचा, हुबेहूब रंगवायचा आणि त्याच्यावर शस्त्र चालवायचे. जीव कुणाचाच जाणार नाही आणि आईचेही समाधान होईल. राजा तसे करतो. पुढे राणी विष घालून मायलेकांना मारते, आणि त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी दोघे मोर, कुत्रा, बकरी, कोंबडा असे किती जन्म भटकतात. प्रत्येक जन्मात मारले जातात. का? तर हातातले पीठ होते, पण मनात कोंबडाच होता. मारण्याचा संकल्प पुरा झाला होता.

मला ही कथा लहानपणी फार कठोर वाटायची. आईच्या आग्रहाखातर केलेल्या एका तडजोडीला केवढी शिक्षा! आता सासू होऊन, आजी होऊन ऐकताना निराळे दिसते. बायकांचे घरातले बरेचसे धर्मसंकट असेच असते. कुणाला दुखवायचे नाही म्हणून आपण ‘पिठाचे’ काहीतरी करतो. सोमदेवांनी नेमकी तीच जागा पकडली आहे.

आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास, वास्तुशांतीला किंवा नवे दुकान उघडताना दारात कोहळा फोडतात, त्यावर कुंकू टाकतात. ते कुंकू कशाच्या जागी आहे, हे सांगायला नको. आपल्या घरांत शेजारधर्म म्हणून, कामगारांचा आग्रह म्हणून कितीदा तरी हे होते. माझ्या मते आपण ते करू नये. कोहळा वनस्पतीच आहे, त्याची भाजी आपण करतोच, पण भाजीला चिरणे आणि बळी म्हणून फोडणे यांत फरक आहे. पेढीवरच्या माणसांना पेढे वाटले की त्यांचाही मान राहतो.

मग नातीचा भोपळा? ती कुणाला मारण्याच्या भावनेने कोरत नाही, कंदील करते. म्हणून तो पिठाचा कोंबडा नव्हे, हे मी स्वतःशी कबूल केले. पण त्याला चेहरा द्यायचा आणि मग त्या डोळ्यांत सुरी चालवायची, हा हाताला लावायचा अभ्यास मला नको वाटला. प्राण्यांच्या आकाराची बिस्किटे आणि केक आपल्यापैकी पुष्कळ जणी मुलांना देत नाहीत, त्याचे कारण हेच. मी तिला यशोधराची गोष्ट सांगितली. विषाचा भाग गाळून. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग मी त्याच्यावर पेनने स्वस्तिक काढू?” मी म्हटले, काढ की!

कोरला नाही तर भोपळा टिकतोही जास्त. पोखरलेला भोपळा आठवड्याभरात सडायला लागतो, त्यावर चिलटे जमतात आणि आतल्या दिव्यात पडतात. अखंड भोपळा पायरीवर पाच-सहा आठवडे सहज राहतो, फक्त कडाक्याची थंडी पडायच्या आत तो घरात घ्यावा. मुलीने दोघांचे घारगे आणि भरीत केले. तिसरा मात्र शोभेच्या जातीचा निघाला, चवीला पाणचट. तो खतात गेला.

दिव्याबद्दल लिहायचे राहिले, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. भगवान महावीरांचे निर्वाण पावापुरीला झाले ते आश्विन वद्य अमावास्येच्या पहाटे. उत्तरेकडे त्याच तिथीला कार्तिक कृष्ण अमावास्या म्हणतात, म्हणून पंचांग बघताना गोंधळू नका. श्वेतांबर परंपरेच्या ‘कल्पसूत्रा’त असे आले आहे की नऊ मल्लकी आणि नऊ लिच्छवी अशा अठरा गणराजांनी त्या रात्री दिवे लावले, कारण ज्ञानाचा मोठा दिवा मालवला होता. आपल्या दिगंबर परंपरेत जिनसेनाचार्यांच्या ‘हरिवंशपुराणा’त, शक ७०५ म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये, देवांनी पावानगरी दिव्यांनी उजळली आणि तेव्हापासून लोक दरवर्षी दीपालिका करू लागले, असे सांगितले आहे. दोन परंपरांचे बाकी मतभेद असतील, दिव्यावर दोघींचे एकमत आहे.

पण आश्विनात किडे फार असतात. पाऊस नुकताच गेलेला, हवेत ओल, ज्योतीवर झेपावणारे बारीक जीव. शिवाय अग्निकायिक जीवांचा विचार आहेच. काही भगिनी म्हणतात, दिवा लावूच नये. मला ते टोकाचे वाटते, पण दोनशे पणत्यांची आरास करून फोटो काढणेही मला झेपत नाही. त्या अठरा राजांनी दिवे लावले ते गेलेल्याच्या शोकात. सासूबाई पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायला निघण्याआधी ओट्यावर एकच दिवा लावत, कंदिलाच्या काचेत ठेवून. संध्याकाळी दुसरा, गौतम गणधरांना त्याच दिवशी केवलज्ञान झाले म्हणून. बस, दोन. वाती त्या आधल्या दिवशी उन्हात बसून करून ठेवत. मी आता वरून जाळीचे झाकण असलेला काचेचा दिवा घेतला आहे, त्यात चिलट शिरत नाही आणि वाऱ्याने ज्योतही हलत नाही. आकाशकंदील मी विजेचा लावते, कमी वॉटचा, आणि रात्री दहाला बंद करते.

ओट्यावरच्या रांगोळीत मी एक आकडा दरवर्षी काढते, तो वीर निर्वाण संवताचा. हिशेब सोपा आहे. निर्वाण इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये, म्हणून दिवाळीनंतर चालू इसवी सनात ५२७ मिळवायचे. २०२५ च्या दिवाळीनंतर २५५२ लागले. अमावास्येच्या पहाटे मी जुना आकडा काढते, आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सकाळी मऊ झाडूने तो पुसून नवा लिहिते. यजमान दुकानच्या वहीवर विक्रम संवत लिहितात, मी ओट्यावर वीर संवत. दुधाची पिशवी टाकायला येणाऱ्या मुलाने गेल्या वर्षी विचारले होते, “काकू, हा कुणाचा फोन नंबर? अर्धाच लिहिलाय.”